लाल बादली कोणी धुतली?

मी एक जुनी लाल बादली आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच तुम्हाला हात जोडून विनवते की माझ्या रंगाचे कौतुक करू नका. हात मला नाहीत, तेव्हा कडी जोडून विनवते म्हणा. "काय सुरेख लाल आहे हो!" असे म्हणत कोणी मला उचलायला आले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी नटण्यासाठी लाल नाही. लोकांनी मला हात लावू नये म्हणून मी लाल आहे. आणि जिला हात लावू नये नेमकी तीच वस्तू उचलायची माणसांना कोण हौस!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात ओतले, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. माझ्यामागून त्याच साच्यातून एक निळी बादली निघाली. आम्हा दोघींना एकाच टेम्पोतून एकाच गोदामात आणले गेले. मला वाटले, आता आम्ही सख्ख्या जावांसारख्या शेजारी शेजारी नांदू. कसचे काय! पहिल्याच दिवशी निळीला वरच्या फळीवर जागा मिळाली आणि मला पार टोकाच्या कोपऱ्यात. मी फार हिरमुसले. असा काय मी गुन्हा केला होता?

गुन्हा नव्हता, काम होते. आमच्या सफाई पथकाच्या प्रमुख ताई कॉलेजात जंतुशास्त्र शिकलेल्या. बोलायला कमी, बघायला तिखट. आमची सफाई रोजच्या केरवाऱ्याची नव्हे. घरात मैलापाणी शिरले, कोणी पडून रक्त सांडले, एखाद्या संसर्गाच्या आजाराने कोणी खोलीत अंथरूण धरले, की मग लोक आम्हाला बोलावतात. निळीत साबणाचे स्वच्छ पाणी असते. त्यातून काढलेले फडके एकदा घाणीवरून फिरले की परत निळीत जात नाही, ते माझ्यात पडते. निळीतले पाणी आणि माझ्यातले पाणी यांची गाठ पडली की समजा घात झाला.

घरात शिरल्याबरोबर ताई जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावतात. पहिल्या पट्टीच्या अलीकडे स्वच्छ घर. दुसऱ्या पट्टीच्या पलीकडे घाण. दोहोंच्या मधे एक लहानशी जागा. तिथे हातमोजे उलटे करून काढायचे, अंगावरचा झगा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळायचा, बूट पुसायचे, हात धुवायचे आणि मगच घरात यायचे. आधी साबणाने घाण काढायची, मग जंतुनाशक लावायचे, कारण घाणीवरच औषध ओतले तर ते घाणीशीच झुंजत बसते, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. आणि औषध लावल्यावर लगेच पुसायचे नाही. बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ ते ओले राहू द्यायचे. सोपे आहे की नाही? पहिलीतल्या मुलालाही कळेल. मोठ्या माणसांची मात्र खात्री देता येत नाही.

आमच्याच लंबूचे बघा. लंबू म्हणजे ताईंचा मदतनीस, ताडमाड माणूस, दरवाजातून वाकून आत येणारा. कामाला वाघ, पण त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि तो वर ढकलायला त्याचे बोट आपसूक जाते. कोणते बोट? घाणेरड्या मोज्यातले! ताईंनी शेवटी त्याच्या चष्म्याला मागून नाडी बांधली. तेव्हापासून बोट वर जाते, चष्मा जागेवरच असलेला पाहून ओशाळते आणि परत येते. आणि ज्यांच्या घरी आम्ही जातो ती माणसे! घाणेरड्या हाताने नळ सोडतात, हात खळाखळा धुतात आणि त्याच नळाला पुन्हा हात लावून तो बंद करतात. मग टॉवेलला हात पुसून म्हणतात, "झाले स्वच्छ!" हे पाहून मी कितीदा मनातल्या मनात कपाळ बडवून घेतले असेल.

पण मला तुम्हाला एका घराची गोष्ट सांगायची आहे.

एके सकाळी आम्हाला तळमजल्यावरच्या एका घरून बोलावणे आले. इमारतीची मैल्याची मोठी नळी तुंबली होती आणि वरच्या मजल्यांचे पाणी या घराच्या मागच्या संडासातून उसळून आले होते. प्लंबरने नळी मोकळी करून दिली होती. पण मागची न्हाणी, पॅसेज आणि मागची खोली यांची दशा झाली होती. घरात दोघे जण होते. घराचे मालक भाऊ आणि त्यांची थोरली बहीण अक्का. भाऊंच्या बायकोची किडनी बदलली होती आणि त्याच संध्याकाळी ती दवाखान्यातून घरी येणार होती.

"एक दिवस पुढे नाही का ढकलता येणार?" ताईंनी विचारले.

"तिची खाट दुसऱ्या पेशंटला दिलीसुद्धा," भाऊ म्हणाले. "आणि डॉक्टरच म्हणतात, दवाखान्यात जितकं जास्त राहील तितकं तिथलं काहीतरी लागायची भीती. आमचं दुसरं घर कुठंय? सांगा ना, कुठे नेऊ तिला?"

मित्रांनो, नवी किडनी शरीराला परकी वाटते. शरीराचे पहारेकरी तिला चोर समजून तिच्यावर धावून जातात. म्हणून डॉक्टर त्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणारी औषधे देतात. पण मग खरा चोर आला तरी ते पेंगतच राहतात. तुम्हाआम्हाला जे एका दिवसाच्या पोटदुखीवर निभावते, ते तिच्या जिवावर बेतू शकते.

"पुढच्या खोलीत तिची सोय करा," ताई म्हणाल्या. "पुढच्या न्हाणीची नळी वेगळी आहे, ती तिच्यासाठी. ती न्हाणी आणि स्वयंपाकघर, या दोन जागांपर्यंत इथला एक थेंबही जाता कामा नये."

"जातोय कसा!" अक्का पदर खोचत म्हणाल्या. "मी आहे ना!"

तिथेच मी ओळखले, आता काही खरे नाही. अस्वच्छ माणसाला सांगितलेले पटते, कारण त्याला आपले उणे ठाऊक असते. स्वच्छतेचा ज्यांना अभिमान असतो ती माणसे फार अवघड. भावजय येणार म्हणून अक्का आठवडाभर घर घासत होत्या. पितळी बिजागऱ्यासुद्धा उजळल्या होत्या. पुढच्या न्हाणीला तर त्यांनी कुलूपच लावून किल्ली कमरेला खोचली होती. भाऊ सकाळपासून बाहेरच्या नळावर हात धूत होते बिचारे.

आम्ही कामाला लागलो. ताई आणि लंबू गुडघ्यांवर बसून फरशी घासू लागले. एवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगर फिरू लागला.

"पंखा बंद!" ताई ओरडल्या. "अक्का, आधी पंखा बंद!"

अक्कांनी पट्टीच्या अलीकडून बटण दाबले. "अहो, लवकर वाळेल म्हणून लावला. भल्याची दुनिया नाही!"

"वाळलं की उडतं, अक्का. पंख्यानं ते घरभर जाईल."

पंखा थांबला. थोड्या वेळाने अक्का चहाचा ट्रे घेऊन हजर. ट्रे पुढे करताना त्यांचा एक पाय दोन्ही पट्ट्या ओलांडून थेट आमच्याकडे आला आणि लंबूने मोज्यासकट हात पुढे केला.

"लंबू!" ताई म्हणाल्या. लंबूचा हात हवेतच थिजला. "आणि अक्का, तुमच्या त्या पायातली चप्पल आता इकडचीच. पाय तेवढा वर काढा, चप्पल राहू द्या."

"म्हणजे? माझी चप्पल मलाच परकी?"

"झाली परकी."

"सासरी गेली म्हणायची," लंबू म्हणाला.

"तू गप रे ताडमाडा! सासरी गेलेली निदान माहेरपणाला तरी येते," असे म्हणत अक्का ट्रे सांभाळत, लंगडी घालत परत गेल्या. चहा तसाच राहिला. पट्टीपलीकडे बसून कोणी काही खातपीत नसते, हे त्यांना तेव्हाही पटले नव्हते. "माझा चहा काय विषारी आहे?" असे स्वयंपाकघरातून बराच वेळ ऐकू येत होते.

दुपार कलता कलता काम संपत आले. भाऊ बायकोला आणायला दवाखान्यात गेले. भिजलेली गादी, पायपुसणी, वापरलेली फडकी, ती एकटी चप्पल, सगळे जाड पिशव्यांत बांधले गेले. फरशीवर जंतुनाशक लावून झाले. सर्वांत शेवटी माझी पाळी. लंबूने मला साबणाने घासले आणि ताईंनी आतून-बाहेरून जंतुनाशक चोपडून मधल्या जागेत ठेवले. "हिला असंच ओलं राहू दे," त्या म्हणाल्या. मग दोघांनी झगे-मोजे उतरवले, हात धुतले, नवे मोजे चढवले आणि बांधलेल्या पिशव्या घेऊन दोघे मागच्या दाराने टेम्पोकडे गेले. जाताना ताईंनी बजावले, "अक्का, पट्टी ओलांडू नका हं."

अक्कांनी पट्टी ओलांडली नाही. देवाशपथ सांगते, त्यांचे पाऊल पट्टीच्या अलीकडेच होते. त्यांनी नुसता हात लांबवला!

मला कडीला धरून त्यांनी उचलले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "दिवसभर राबली बिचारी माणसं. त्यांची वस्तू अशी ओलीगिच्च कशी परत द्यायची?" आणि मला घेऊन त्या निघाल्या. पुढच्या न्हाणीला कुलूप. मागच्या न्हाणीत जायची बंदी. राहिले काय? स्वयंपाकघर!

मित्रांनो, बादलीला तोंड असते पण आवाज नसतो, हे दुःख मला त्या दिवसाइतके कधी झोंबले नाही. "अहो, नको! अहो अक्का, मी लाल आहे!" असे मी आतल्या आत किंचाळत होते आणि अक्का मला भांड्यांच्या सिंकमध्ये उपडी करून भांड्यांच्या घासणीने घासत होत्या. बुडाच्या खाचा, कडीची भोके, जिथे औषध अजून पुरते मुरले नव्हते, तिथे तिथे त्यांनी नख घालून घासले. भांडी पुसायच्या फडक्याने मला कोरडे केले. लिंबाचा सुवास सुटला. मी आरशासारखी चमकू लागले आणि त्यांनी मला पुढच्या दाराशी नेऊन ठेवले.

तिथून मला स्वयंपाकघर दिसत होते. दिसले नसते तर बरे झाले असते. अक्कांनी हातांवरून नुसते पाणी घेतले. मग त्याच घासणीने भावजयीसाठी काढलेले ताट घासले. त्याच फडक्याने पुसले. पाण्याच्या फिल्टरची चावी सोडली. शिजत असलेल्या भाजीवरचे झाकण उचलून पळी घातली. फोन वाजला, तो गालाला लावला. "निघालात? या, या, सगळं तयार आहे!" घाणीला पाय नसतात असे म्हणतात. नसतील, पण तिला अक्कांचे हात मिळाले होते आणि ते हात थांबायला तयार नव्हते.

ताई परत आल्या, त्या पुढच्या दाराने. मला पाहिले आणि जागीच उभ्या राहिल्या. मी तिथे असायला नको होते, आणि कोरडी तर मुळीच असायला नको होते. त्या वाकल्या. लिंबाचा वास आला.

"ही कुणी धुतली?"

"मी!" अक्का हसत बाहेर आल्या. "कुणाची वस्तू घाण परत द्यायची रीत नाही आमच्याकडे."

"कुठे धुतलीत?"

"स्वयंपाकघरात. दुसरं कुठे धुणार? मागे तुम्ही जाऊ देत नाही, आणि पुढची न्हाणी तिच्यासाठी राखलीय."

"घासणी कुठली घेतलीत?"

"भांड्यां..." अक्कांचे हसू तिथेच अडखळले. मग आवाज चढला. "अहो, तुम्ही स्वतः धुतली होती ना? वर मी एवढी खसाखसा घासली! माझ्या घासण्यात कुणी खोट काढलेली नाही आजवर!"

"तुमच्या घासण्यात खोट नाही, अक्का. जागेत आहे. औषध मुरायच्या आत बादली तिथून हलली. आता तिच्यावर उरलंसुरलं जे काही होतं ते सिंकमध्ये, घासणीत, फडक्यात आहे. त्यानंतर तुम्ही कशाकशाला हात लावलात?"

अक्कांचे डोळे फिल्टरकडे गेले, ताटाकडे गेले, भाजीच्या पातेल्याकडे गेले.

"भाजी उकळतेय की," मागून आलेला लंबू हळूच म्हणाला. "उकळत्यात जंतू मरतात ना, ताई?"

"पातेल्यातले मरतील. पण झाकणावरचे कोण उकळणार? ताटावरचे? चावीवरचे?"

"म्हणजे हे जेवण..." अक्का म्हणाल्या.

"टाकावं लागेल."

"सकाळपासून करतेय मी. तिला ही एकच भाजी गोड लागते हल्ली." आणि एकदम तडकून, "इतकं काय आभाळ कोसळलंय? माझं स्वयंपाकघर घाण? माझं? उभ्या जन्मात..."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

ताई पुढे होणार होत्या, पण अक्का त्यांच्याही आधी दाराकडे धावल्या. आता या तिला मिठी मारणार, गालांवरून हात फिरवणार! गाडीतून भाऊंनी बायकोला हळूच उतरवले. तोंडावर मास्क, एक हात पोटाशी, चेहरा ओढलेला. पण अक्कांना बघून डोळे हसले. ती पायरी चढू लागली.

"थांब!" अक्का उंबऱ्यातून ओरडल्या. दोन्ही हात त्यांनी अंगापासून लांब, हवेत धरले होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. "पुढे एक पाऊल टाकशील तर बघ!"

"अक्का, हे काय?" भाऊ चिडले. "ती दवाखान्यातून येतेय!"

"वन्सं, मला घरात घ्यायचं नाही का?" भावजय म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

शेजारच्या काकू आपल्या दारात येऊन उभ्या होत्या, लंबू होता, टेम्पोवाला होता. एवढ्या सगळ्यांदेखत अक्का म्हणाल्या, "स्वयंपाकघर मी घाण करून ठेवलंय. मीच. ह्या हातांनी. ते स्वच्छ होईपर्यंत तू आत यायचं नाहीस."

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही? वन्सं, तुम्ही घाण केलंत?" आणि तिला हसू फुटले. "अहो, नका ना हसवू, टाके दुखतात!"

शेजारच्या काकूंनी लगेच खुर्ची आणून पोर्चमध्ये टाकली. निळीतल्या ताज्या पाण्याने ती पुसली गेली आणि भावजय तिच्यावर बसली. ताईंनी नवे मोजे चढवले, स्वयंपाकघराच्या दारात पिवळी पट्टी लावली आणि लंबूने मला उचलून तिच्या पलीकडे ठेवले. सकाळी ज्या खोलीत माझी सावलीही पडायला नको होती, तिथे आता मी हक्काने बसले. घासणी आणि फडके माझ्यात पडले. ताट, झाकण, पळी, चावी, सिंक, फोन, कमरेची किल्लीसुद्धा, एकेक जिन्नस धुऊन, औषध लावून, ओला ठेवला गेला. भाजी पिशवीत बांधताना लंबूने मान दुसरीकडे वळवली.

अक्कांनी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. नळ काकूंनी सोडला आणि काकूंनीच बंद केला. साडी बदलून, तोंड धुऊन त्या ताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आता मी काय करू?"

"काही नाही. कशालाही हात लावू नका."

"कशालाच नाही? अहो, मग मी करू तरी काय?"

"तिच्याशी बोला. चार हात लांबून."

अक्का पायरीवर जाऊन बसल्या. हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. एकदा उजवा हात पायरीवरचा कचरा टिपायला निघाला. त्यांनी डाव्याने तो पकडून परत जागेवर बसवला.

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली, वन्सं," भावजय म्हणाली, "तुम्हाला नुसतं बसलेलं आज पहिल्यांदाच बघतेय."

"बघून घे," अक्का म्हणाल्या. "पुन्हा नाही दिसणार." आणि मग डोळे पुसायला उचललेला हात त्यांनी अर्ध्यातून खाली घेतला, म्हणून दोन्ही डोळे तसेच वाहत राहिले. दोघी गप्पा मारत बसल्या. औषध वाळले, ताईंनी पट्टी काढली, भावजय घरात गेली आणि काकूंच्या घरून आलेले गरमागरम जेवण जेवली. पुढेही तिला काही झाले नाही, हे लंबूने भाऊंना फोन करून करून विचारून घेतले होते.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. औषधांनी माझा रंग विटला आहे आणि बुडाला चीर गेली आहे. परवा गोदामाचा राखणदार म्हणाला, "टाकता कशाला? माझ्या घरी पाणी भरायला होईल की." घरचे पाणी, आणि माझ्यात! ताई म्हणाल्या, "हिला कापूनच टाकायची." त्या राखणदाराला ते निष्ठुर वाटले. मला नाही वाटले. इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात की आम्हाला टाकू नका, जपून वापरा. मी उलटे मागते. मला वापरू नका. माझ्यात रोप लावू नका, मला उपडी घालून माझ्यावर बसू नका. जपायचेच असेल तर माणसांना जपा.

आणि एखादे दिवशी तुमच्या घरात कोणी दारातच उभे राहून "जवळ येऊ नकोस!" असे खेकसले, तर लगेच रुसून बसू नका. आधी त्याचे हात बघा. ते अंगापासून लांब, हवेत धरलेले असतील, तर मुकाट्याने खुर्ची ओढा आणि लांबूनच गप्पा मारा. आणि कृपा करून तेवढा पंखा लावू नका!